झोपेच्या रकान्यात

सोमवार, ३
पाच दिवस टाळलं. आज लिहितेच! डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "कधी झोपलीस, कधी उठलीस, फिट कधी आली, रोज लिही. झोपमोड झाली की तुझी फिट उसळते." महिनाभर फिट नाही असं या वहीत दिसलं, तरच मालकीण मला बेकरीच्या भट्टीपाशी उभी करणार. तोवर पिशव्यांत पाव भर! भट्टीचं काम शिकायचं म्हणून तर थांबलेय इथे. नाहीतर मी कुठली दोन महिने एका जागी!

मंगळवार, ४
झोप चार तास. पहाटपाळी. फिट नाही.

बुधवार, ५
रात्री तीन तास. पूल बघायला निघाले, पुलापलीकडे एक रस्ता दिसला, मग काय — उशीर! पण दुपारी दोन तास झोप, अगदी गाढ. फिट नाही. जीभ मात्र दुखतेय. पाव कडक होता बहुतेक.
घरी बाबा नऊला दिवे घालवायचे. परीक्षा असो, पाहुणे असोत — नऊ म्हणजे नऊ! त्या जाचालाच कंटाळून पळाले मी.

शुक्रवार, ७
दुपारी पुन्हा दोन तास झोप. उठले तर खांदे कुटल्यासारखे. खोलीत सोबत राहणारी टेलरमावशी उशाशी बसलेली.
"झोपलीस कसली गं बये! आकडी आली होती. कुशीवर वळवून धरलं तुला. परवाही तेच. सांगितलं नव्हतं का?"
सांगितलं? कधी? मी म्हणे "हो हो" म्हणाले!
म्हणजे लिहिलेली झोप झोप नव्हतीच? मग मी झोपले कधी? काही कळत नाही.

शनिवार, ८
पान फाडायला घेतलं. मालकिणीला कोण सांगतंय?
मावशी दातात सुई धरून म्हणाली, "फाड, फाड. आणि मग पड भट्टीत तोंडावर."
फाडलं नाही. 'झोप' खोडून 'फिट' लिहिलं. दोनदा. आधीच्या दुपारींचं काय? आठवतच नाही. भट्टी गेली, एवढं नक्की.

रविवार, ९
दारात बाबा! मावशीनंच फोन केला म्हणे. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "नऊला झोपतेस का?" मग खिशातून गोळ्यांची पट्टी काढून वहीवर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी मला दिल्यात त्याच गोळ्या. मला वाटलं, माझ्यासाठी आणल्यात.
पट्टी अर्धी संपलेली होती — बाबांनीच घेऊन.