दहाच्या चहाची नक्कल

सोमवार, ३ जून

बासष्टाव्या वर्षी नवी नोकरी! रुसापे गावाहून सकाळच्या बसने आले. खडकांच्या कपाऱ्यांत कोरफडीला लाल तुरे आलेत, जून म्हणजे आमच्याकडचा हिवाळा, हवेत बोचरी थंडी आहे आणि ऊन कोवळं. सोबत पत्र्याची पेटी, गरम पाण्याची पिशवी, मी स्वतः विणलेला हिरवा स्वेटर आणि छातीवर लावायचं घड्याळ. हे घड्याळ चौतीस वर्षं सरकारी इस्पितळात माझ्याबरोबर होतं. घरी बसून जावयाची मर्जी सांभाळण्यापेक्षा इथल्या बावीस म्हाताऱ्यांची सांभाळलेली बरी.

स्वागत छान झालं. वृद्धाश्रमाची मेट्रन एडना वयाने माझ्या मुलीएवढी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि हसताना आवाज येत नाही, नुसतं पोट हलतं. उकडलेली रताळी आणि दाट दुधाचा चहा मिळाला. लव्हनेस नावाच्या मदतनीस बाईने माझी पेटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, चला सूनबाई, वरच्या मजल्यावरची तुमची खोली दाखवते. नव्याने आलेल्या बाईला इथे सूनबाईच म्हणतात म्हणे. मला हसू आलं. माझा उजवा गुडघा अधू, पाऊल टाकलं की दुसरं मागून ओढत येतं. लव्हनेस मला पुढे घालून मागून माझी चाल बघत होती.

कपाटात आधीच्या नर्सचे, कॉन्स्टन्सबाईंचे, पांढरे बूट राहिलेत. पत्ता विचारून पाठवायला हवेत.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट सांगायच्या, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तारखेनिशी लिहीत जा मुलींनो. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं कोर्टात जातं.

गुरुवार, ६ जून

सूनबाई म्हणजे काय ते कळलं. अंगण सुनेनं झाडायचं. सगळ्यांची पेज सुनेनं वाढायची आणि स्वतः तळाची खरवड खायची. अंथरुणाला खिळलेले नऊच्या नऊ जण सुनेच्या वाट्याला, आणि बाकीच्या बायका उन्हात बसून भुईमूग सोलणार. मी रीतसर शिकलेली सिस्टर आहे, लव्हनेस मदतनीस, पण सुट्टीचा रविवार तिचा.

आज तिने कूस बदलण्याचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. दोन-दोन तासांच्या सगळ्या खुणा आधीच भरलेल्या, फक्त माझी सही हवी. मी घड्याळावर दोन बोटं आपटून म्हणाले, नियम म्हणजे नियम, बाई. आधी कूस, मग खूण. तिने माझं वाक्य पुटपुटत दोनदा म्हणून पाहिलं, पाठांतर करावं तसं.

मेट्रनकडे गेले. ती म्हणाली, अगं सूनबाई, नव्या सुनेने पहिल्या महिन्यात तोंड उघडायचं नसतं, तुझ्या आईने शिकवलं नाही का? अगं! मला!

मंगळवार, ११ जून

एनॉकबाबा रेल्वेत सिग्नलमन होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, पण रोज दाढी करतात आणि टोपी घातल्याशिवाय जेवत नाहीत. काल ते स्नानघरात घसरले, तेव्हा मी तिकडच्या टोकाला होते. तरी अपघाताच्या वहीत मेट्रनने लिहिलं, नव्या सिस्टरचा हलगर्जीपणा. मी खाली लाल शाईने सविस्तर उत्तर लिहिलं. एवढ्याने गप्प बसणाऱ्यांतली मी नव्हे.

आज मात्र एक घाणेरडा प्रकार पाहिला. सकाळी दहाला झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजवतात आणि सगळे अंगणात चहाला जमतात. तेवढ्यात लव्हनेस एनॉकबाबांची टोपी आणि कोट घालून आली. त्यांच्यासारखा पाय घासत चालली, त्यांच्यासारखी खोकली, काल्पनिक झेंडा दाखवून काल्पनिक गाडी सोडली. हुबेहूब. अंगण हसून लोळलं. एनॉकबाबाही हसले, पण परक्याच्या घरी हसावं तसे.

आमच्यात मयताच्या घरी सुना मेलेल्याचे कपडे घालून त्याची नक्कल करतात आणि रडणाऱ्यांना हसवतात. मीही माझ्या सासऱ्यांची केली होती. पण ते माणूस गेल्यावर! जिवंत माणसाची, त्याच्यासमोर?

गुरुवार, १३ जून

एनॉकबाबा गेले. ताप नाही, धाप नाही. दहाचा रूळ वाजला तेव्हा मी त्यांची टोपी त्यांच्या हातात देत होते. टोपी घेतली आणि गेले.

चौऱ्याऐंशी वर्षांचं माणूस. होतं असं. मीच त्यांना स्नान घातलं.

शुक्रवार, १४ जून

मेट्रनला त्या नकलेचा जाब विचारला. तिने शांतपणे मला बसवलं. म्हणाली, इथे कुणाला सुना आहेत, सांग बरं? कुणाचा मुलगा परदेशी, कुणाचा मातीत. मेल्यावर यांची नक्कल करायला कोण येणार? मग जिवंतपणीच बघू देत की, हसू देत. म्हणून नवी नर्स सगळ्यांची सून. इतके दिवस सगळ्यांत नवी लव्हनेस होती. आता तू.

मी म्हणाले, माझ्याच्याने होणार नाही. तिचं पोट हललं.

सोमवार, १७ जून

सकाळी माझ्या टेबलावर रोडाआजींचा चष्मा आणि डोईचा रुमाल ठेवलेला. उद्या दहाला तू, सूनबाई, असं मेट्रन दारातूनच म्हणाली.

रोडाआजी ठणठणीत आहेत. नातवासाठी मोजे विणतात. एक झालाय, दुसरा टाचेपर्यंत आलाय. मी चष्मा नेऊन त्यांच्या नाकावर ठेवला आणि मेट्रनला सर्वांदेखत नाही म्हणून सांगितलं.

दुपारी अपघाताच्या वहीत आजचा प्रकार लिहून ठेवायला कचेरीत गेले. शेजारी कामवाटपाची वही होती, तिच्यात एक रकाना नकलेचा. मी तो मृत्यूंच्या नोंदवहीशी ताडून पाहिला. तीन वर्षांत चौदा नकला. चौदा मृत्यू. प्रत्येक वेळी दोन दिवसांनी, सकाळी दहाला. अंथरुणाला खिळलेल्यांची नक्कल कुणी केली नाही, ते नऊ जण अजून पेज खाताहेत.

चौदातलं शेवटून दुसरं नाव म्हाताऱ्या माणसाचं नाही. सिस्टर कॉन्स्टन्स. नक्कल १२ मार्च. मृत्यू १४ मार्च. शेऱ्यात तीन शब्द — काम करण्यास नकार.

तिचे बूट माझ्या कपाटात आहेत.

मंगळवार, १८ जून

दहा वाजून गेले. रोडाआजींची नक्कल झाली नाही. देवा, तुझे आभार.

माझ्याशी कुणी बोलत नाही. पेज वाढली तर ताटल्या उलट्या करून ठेवतात. लव्हनेसला म्हणाले, पोरी, तुला भीती वाटत नाही? ती म्हणाली, वाटायची ना, मी सून होते तोवर.

दोरीवर वाळत घातलेला हिरवा स्वेटर नाहीसा झालाय. घड्याळही सापडत नाही.

बुधवार, १९ जून

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

दहाचा रूळ वाजला. मी व्हरांड्यात होते. मागून पावलं आली — एक टेकलेलं, एक ओढलेलं. ती माझी पावलं होती. मी तर उभी होते.

लव्हनेस माझा स्वेटर घालून, माझं घड्याळ छातीवर लावून अंगणात उतरली. दोन बोटं घड्याळावर आपटून म्हणाली, नियम म्हणजे नियम, बाई. आवाज माझा. वही काढून लाल शाईने लिहिल्याचं सोंग केलं. मग गुडघे टेकून सिस्टर बर्नाडेटने शिकवलेली ती प्रार्थना म्हटली — जी मी दार लावून म्हणते, मनातल्या मनात —

सगळे हसत होते. सगळ्यांत जास्त रोडाआजी. जिला मी — चष्मा पुसून पुसून हसत होती.

परवा. शुक्रवार. दहा वाजता.

गुरुवार, २० जून

पहाटेच पेटी इथेच टाकून रस्त्यावर गेले. सातची बस थांबली. तिघे चढले. मी हात केला, हाक मारली. कंडक्टरने माझ्या अंगावरून नजर फिरवून दार लावलं. गाडी भरलेली असेल. भरलेलीच असणार.

परत आले तर अंगणात म्हातारे एकमेकांचा हात हातात घेत होते. वाईट झालं, वाईट झालं, असं मयताच्या घरी म्हणतात तसं म्हणत होते. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं.

मेट्रनने बोलावलं. चष्मा आणि रुमाल टेबलावर. म्हणाली, रोडाची केलीस तर तुझी रद्द. मी वहीतून पुसून टाकीन. म्हातारी काल तुला हसली ना? मग तिची कीव कशाला?

मी चष्मा उचलला. हो, उचलला. लिहून ठेवते, खोटं लिहिणार नाही. दारापर्यंत नेला. आजी उन्हात टाके मोजत होत्या, दुसऱ्या मोज्याची बोटं राहिलीत.

चष्मा ठेवून दिला.

मग डोकं भडकलं. मी सून ना? मग कुणाची नक्कल करायची ते मीच ठरवीन! मेट्रनची शाल खुंटीवर होती, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर. दहाचा रूळ वाजताच मी अंगणात उतरले. किल्ल्या वाजवल्या, पोट हलवून बिनआवाजाचं हसले, म्हणाले, अगं सूनबाई, तुझ्या आईने शिकवलं नाही का? चौतीस वर्षं मेट्रन पाहिल्यात मी, एकेक लकब काढली. हसू फुटलं, मग एकदम थांबलं. लव्हनेस पांढरी पडली.

मेट्रन जिना उतरून आली. तिचं पोट हलत होतं. डोळे पुसत म्हणाली, छान केलंस गं. मीही माझ्या मेट्रनची अशीच केली होती. शनिवारी दहाला माझी वेळ, मान्य.

मग तिने माझ्या गळ्याशी शाल नीट केली. म्हणाली, पण आधी तुझी, सूनबाई. रांग मोडायची नाही. नियम म्हणजे नियम, बाई.

शुक्रवार, २१ जून

दाराला पेटी लावलीय. कपाटही ओढून —

घड्याळ नाही. ऊन खिडकीत आलंय, म्हणजे नऊ होऊन गेलेत. पाय गार. थंडीच आहे. जून आहे.

खिडकीतून रोडाआजी दिसतात. मोजा विणतायत. शेवटचे टाके.

नाडी माझी मीच पाहिली. बहात्तर. चांगली आहे. काहीही होणार नाही. बासष्टाव्या वर्षी माणूस काही —

जी कुणी यानंतर या खोलीत येईल तिला. बाई, पहिल्याच दिवशी परत जा. ही वही पुरावा आहे. कपाटात आता बुटांचे दोन जोड आहेत. माझे मी काढले नव्हते. पायातच होते —

लव्हनेस अंगणात आहे. दिसतेय मला. मेट्रनही. सगळे खाली आहेत, मान वर करून माझ्या खिडकीकडे —

मग दाराबाहेर व्हरांड्यात कोण चालतंय

एक टेकलेलं. एक ओढलेलं.

रूळ वाजला. एक. दोन. दाराशी येऊन माझ्याच आवाजात म्हणते, उघडा बाई, नियम म्हणजे