थोरल्या प्लेटचा कौल

२८ डिसेंबर, रवि.
तळ्याकाठी गेले. माझं लोखंडी शिल्प ओळखू येत नाही. केलं होतं त्यासाठीच. चार खांब, सहा प्लेटा, कुणीही काढाव्यात, फिरवाव्यात, दुसरीकडे अडकवाव्यात. पण कुणीतरी एकाच खांबावर तीन चढवल्यात, थोरली सगळ्यात वर. तिला शेंदूर, खाली नारळ. हसायला आलं. मग वर नीट पाहिलं. थोरलीची पिन भोकात जेमतेम नखभर.

२९ डिसें.
दिनेशला घेऊन गेले. नवरा वेल्डर, त्याला बघताक्षणी कळलं. "वाऱ्यानं पन पडंल." ती उचलायला दोन माणसं लागतात. उतरवायला गेलो तर सासूबाई आधीच खाली बसलेल्या, तेलवात लावून.
"हात नको लावू गो. म्हस उठली ती हिच्यामुलं."
आजारी म्हशीला डॉक्टरनं दिलेली इंजेक्शनं कुणाच्या लक्षात नाहीत.

३१ डिसें.
रोज शेंदूर, रोज तेल. तेल पिनेपर्यंत ओघळलंय. म्हसा गावची जत्रा तोंडावर, येणारे-जाणारे इथेही थांबणार. आईंना जेवताना स्पष्ट सांगितलं, ती तुमच्या डोक्यावर पडेल.
"डोक्यावर हाय म्हनून तर बसते."
इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

१ जानेवारी
दिनेश म्हणतो, आईला बाजाराला धाडू, तेवढ्यात उतरवू. नको. मग गावात कुणाला साधा ताप आला तरी माझ्या नावावर. शेवटी आईंनीच वाट काढली. कौल लावायचा. प्लेटच्या दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर देव हलायला तयार. डावं पडलं तर पुन्हा हात लावायचा नाही. हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

२ जाने., सकाळ
फुलं आईंनी शिडीवर चढून लावली. कौल मिळेपर्यंत प्लेटला कुणी शिवायचं नाही. आणि त्या खालून उठणार नाहीत. "मी उठले तं तिला वाटंल, आमचा इस्वास नाय."
दिनेश शिडी धरून उभा. मी बाजूच्या दगडावर, काहीतरी करायचं म्हणून लिहितेय. वारा सुटलाय. फूल पडायला वारा हवा, पण वर प्लेट करकरतेय. आई डोळे मिटून बसल्यात.
मी कापलेल्या पत्र्याला मीच हात जोडले.
बये, आधी फूल टाक.