कागदी बंदरात पाणी घालू नये

मी, द्वारकाबाई कडूबा दांडगे, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार सिडको, औरंगाबाद, आज रोजी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि गुंगीचे कोणतेही औषध न घेता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. जन्म निजामाच्या अमलातला, दाखल्यावर साल फसली सनाचे आहे. वकिलांनी हिशेब करून वय पंचाहत्तर काढले, ते मला मान्य आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला वार विचारला, महिना विचारला, आणि शेवटी कोणावर राग आहे का ते विचारले. मी आहे म्हणाले. दाखल्यात त्यांनी त्याचा उल्लेख केलेला नाही. यावरून राग हा बुद्धीचा बिघाड नव्हे असे मी समजते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाने दुसरे एखादे निघाल्यास ते माझ्या पुतण्याने केले असे समजावे.

कलम १. माझे लग्न झालेले नाही. आईवडील वारले, एकुलता एक भाऊ पुंजारामही वारला. त्याची पत्नी आशाबाई व मुलगा काकासाहेब हयात असून फर्दापूर येथे लेण्यांच्या रस्त्यावर लॉज चालवतात. कायद्याने काकासाहेब माझा वारस लागतो. तो लागू नये म्हणून हा खटाटोप.

कलम २. सिडकोतील माझे दोन खोल्या, ओसरी व गच्ची असलेले घर मी माझ्या पगारातून घेतले. त्यात वडिलांचा, भावाचा किंवा भावाच्या मुलाचा एक खिळाही नाही. हे घर, त्यातील भांडीकुंडी, पुस्तके व बँकेतील ठेवीसह, माझ्या पश्चात श्रीमती कमरुन्निसा शेख शफी यांना पूर्ण मालकी हक्काने मिळावे.

कमरुन्निसा आमच्या मुलींच्या शाळेत शिवणाच्या शिक्षिका होत्या. मूळ सिल्लोडच्या. नवरा लवकर गेला तेव्हा मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आल्या, आणि पुढे ती मागची खोली आहे हे आम्ही दोघीही विसरलो. यापुढे मी तिला 'ती' म्हणते. ती मला आजही 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणते. शेजारचे आप्पासाहेब मला फाटकाशी गाठून म्हणाले होते की घर आपल्या माणसात राहिलेले बरे. आप्पासाहेबांनी या मृत्युपत्रावर साक्षीदार होण्याची तयारी दाखवली होती. मी त्यांना साक्षीदार केलेले नाही, आणि ते का, हे त्यांना या कलमातून कळेल.

कलम ३. बंदराविषयी. हे कलम लांब आहे. वकिलांनी ते गाळायला सांगितले होते. गाळले तर बाकीची कलमे एका चिडक्या म्हातारीची वाटतील, म्हणून ठेवले आहे.

सातवीच्या वर्गात मी इतिहास शिकवत होते. फळ्यावर 'सुरत बंदर' असे लिहिले आणि वर्ग हसू लागला. अर्ध्या मुलींच्या घरची बोली दखनी. त्यांच्या लेखी बंदर म्हणजे माकड. हसणाऱ्या मुलींपैकी एकीनेही समुद्र पाहिलेला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही नव्हता. मी घरी येऊन पुठ्ठ्याचा एक धक्का केला, त्याला दोन होड्या लावल्या. कमरुन्निसाने होड्या पाहून सांगितले की या बुडतील, शिडाला शिवण कुठे आहे? तिने स्वतः कापून शिडे करून दिली. तिथून सुरुवात झाली.

आमचे बंदर सुरतेचे, साल १६५० धरलेले. लुटीच्या आधीचे. हे साल मी मुद्दाम धरले, कारण पाहायला येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न लुटीचाच विचारतो. मला उभे, नांदते बंदर हवे होते. तापीच्या काठचा किल्ला, जकातीची कचेरी जिला तिथे फुरजा म्हणत, हजला निघालेल्या यात्रेकरूंची सराई, गोदामे, गाड्यांचे बैल, आणि लांब सुवाळीच्या नांगरवाड्यात उभी मोठी जहाजे. डच लोकांनी काढलेली जुनी चित्रे मी ग्रंथालयात बसून ट्रेसिंग कागदावर उतरवली. एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी सुरतेला जाऊन आलो. कमरुन्निसाने किल्ल्याचा बुरूज शिवणाच्या टेपने मोजला आणि तिथल्या पहारेकऱ्याने आम्हाला हाकलले.

सगळे कागदाचे. भिंती कार्डशीटच्या, जहाजांचे सांगाडे जुन्या लग्नपत्रिकांचे, कारण तो कागद जाड असतो आणि वाकवला तरी फुटत नाही. खळीत मोरचूद घातला म्हणजे कसर लागत नाही. समुद्र पतंगाच्या कागदाचा, थरावर थर. जहाजांचे तळ कमरुन्निसा मेणबत्तीच्या मेणाने घोटून काढत असे. मी विचारले होते, कागदी समुद्रावर जहाजाला मेण कशाला? तिचे म्हणणे, जहाज आहे तर जहाजासारखे पाहिजे. तिच्या माहेरच्यांनी तिला सुनावले होते की मुलेबाळे नाहीत म्हणून पोरखेळ चालवला आहेस. त्यांचे नाव इथे लिहीत नाही. त्यांना माझ्याकडून काहीच मिळायचे नाही, रागही नाही.

ओसरीला लागून असलेली पूर्ण खोली बंदराने व्यापली. आम्ही दोघी निवृत्त झालो तेव्हा ते पुरे झाले. शाळेच्या मुली दरवर्षी पाहायला येत.

कलम ४. काकासाहेबाने काय केले. मी बसमधून उतरताना पडले, खुब्याचे हाड मोडले आणि मला दवाखान्यात राहावे लागले. माझी भावजय आशाबाई भेटायला आली, उशाशी बसली, केस विंचरून दिले, आणि झाडलोट करून ठेवते म्हणून घराची किल्ली मागून घेतली. दुसऱ्याच दिवशी काकासाहेब टेम्पो आणि चार माणसे घेऊन घरी आला. त्याला लॉजच्या दर्शनी भागात पर्यटकांसाठी काहीतरी मांडायचे होते.

कमरुन्निसा दारात उभी राहिली. तिने सांगितले, "बाईंना घरी येऊ द्या. त्यांनी हो म्हटलं तर मी स्वतः बांधून देते."

काकासाहेब म्हणाला, "तुमचा काय संबंध? तुम्ही भाडेकरू. आमच्या घरातलं आम्ही नेतोय."

तिला हाताने बाजूला सारून त्यांनी बंदराचे चार तुकडे केले आणि गादीच्या खोळीत गुंडाळून नेले. कमरुन्निसाने हे मला दवाखान्यात सांगितले नाही. मी बरी होऊन घरी येईपर्यंत ती रोज डबा घेऊन येत होती आणि बंदराची काल कसर झाडली, आज त्याला ऊन दाखवले, असे खोटे सांगत होती. घरी आले तेव्हा खोली रिकामी होती आणि तिने ती स्वच्छ पुसून ठेवली होती.

मी काकासाहेबाला फोन लावला. तो म्हणाला, आत्या, तुझं नाव झालं, फॉरेनचे लोक फोटो काढत्यात. ये की बघायला. आम्ही लगेच जाऊ शकलो नाही. मी काठीवर चालू लागले तेव्हा कमरुन्निसाबरोबर एसटीने फर्दापूरला गेले.

दर्शनी भागात बंदर नव्हते. तिथे टीव्ही होता. लॉजच्या पहारेकऱ्याने आम्हाला स्वयंपाकघराच्या मागे नेले. तिथे गॅसच्या टाक्यांशेजारी ते पडले होते. किल्ला भिजून पावासारखा फुगला होता. फुरजा ओळखू येत नव्हती. सराईखालची लाकडी फळी तेवढी शिल्लक होती. कागदाच्या लगद्यात एक मेलेला मासा होता, लहान, केशरी.

पहारेकऱ्याने झाले ते सांगितले. पाहुण्यांना समुद्र कागदाचा दिसतो म्हणून मालकाने भोवती काच लावून घेतली आणि आत टँकरचे पाणी सोडले. मासे सोडले. खाली लाल दिवे लावले, लुटीचा देखावा म्हणून. "दुसऱ्याच दिवशी समदं गळायला लागलं," तो म्हणाला. "पर जहाजं तरंगत व्हती बाई. लई दिवस. किल्ला गेला, घरं गेली, जहाजं तेवढी फिरत व्हती पाण्यावर. लोकं त्याचेच फोटू काढायची."

कमरुन्निसाने विचारले, "जहाजं कुठं आहेत?"

त्याने ती एका बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती. पोरांनी मागितली तरी दिली नव्हती. कमरुन्निसाने एकेक जहाज उलटे करून तळ पाहिला आणि माझ्याकडे पाहिले. मेणाविषयी ती एक शब्द बोलली नाही. चाळीस वर्षांत तिने माझ्यावर मिळवलेला हा सर्वांत मोठा विजय होता आणि तो तिने तसाच पदराआड केला.

एवढ्यात काकासाहेब आला. आशाबाई मागे होती. तो म्हणाला, "आत्या, कागदच व्हता की. मी तुला फायबरचं करून देतो, यापेक्षा भारी."

मी त्याच्या थोबाडीत मारली नाही, हे इथे नमूद करते. माझ्या हातात काठी होती आणि काठी सोडून मला उभे राहता येत नव्हते.

कलम ५. त्यानंतर आम्ही दोघींनी बंदर पुन्हा केले. जहाजे होतीच, आम्ही त्यांच्यासाठी शहर बांधले. कमरुन्निसाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि माझा हात कापतो, त्यामुळे दुसऱ्या किल्ल्याचे बुरूज पहिल्यासारखे सरळ नाहीत. लोकांनी मला सांगितले की आता राग सोडावा, तब्येतीला बरे. मी दुसरे बंदर रागावरच उभे केले आहे. तब्येत ठीक आहे.

हे बंदर कमरुन्निसा हयात असेपर्यंत आहे त्याच खोलीत राहील. त्यानंतर ज्याच्या हाती जाईल त्याने ठेवावे, शाळेला द्यावे किंवा रद्दीत घालावे, माझी हरकत नाही. मात्र ते कोणत्याही लॉज, हॉटेल, मंगल कार्यालय अथवा पुढाऱ्याच्या बैठकीत जाऊ नये. त्यात पाणी घालू नये. त्या टेबलावर पाण्याचा पेलासुद्धा ठेवू नये. तिसऱ्या दिवशी नळ येणाऱ्या या शहरात ही अट पाळणे अवघड नाही.

कलम ६. माझ्या पट्ट्या, पाती, चिमटे, रंग, ट्रेसिंग कागदाच्या सुरळ्या आणि भिंग कमरुन्निसाच्या बहिणीची मुलगी रईसा हिला द्यावेत. ती शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करते. दुसऱ्या किल्ल्याचा वाकडा बुरूज तिने तोंडावर वाकडा म्हटला. असे म्हणणारी ती एकटीच.

कलम ७. भावजय आशाबाई हिला माझ्या घराची ती किल्ली द्यावी, जी तिने माझे केस विंचरता विंचरता नेली आणि टपालाने परत पाठवली. कुलूप बदललेले आहे.

कलम ८. पुतण्या काकासाहेब यास काहीही देऊ नये. हे नजरचुकीने राहिलेले नाही. तो माझ्याकडे राहून कॉलेज शिकला तेव्हाची त्याची लोखंडी खाट गच्चीवर आहे. ती त्याचीच होती, ती त्याने न्यावी, आणि नेताना ओसरीतून न जाता बाहेरच्या जिन्याने न्यावी.

कलम ९. माझे दहन विद्युतदाहिनीत करावे. काकासाहेबाने खांदा देऊ नये, पाणी पाजू नये, मुंडण करू नये, वर्तमानपत्रात माझा फोटो देऊ नये. तेराव्याचे जेवण घालू नये. आलेच तर कमरुन्निसाच्या हातचा चहा लोकांना द्यावा. पिणार नाही तो पिणार नाही. असा कोण आहे हे तिने पाहून ठेवावे.

कलम १०. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी अॅड. बद्रीनाथ गाडेकर यांची नेमणूक करते. त्यांनी मसुदा वाचून एक त्रुटी काढली. कमरुन्निसा माझ्याआधी वारली तर काय, हे मी लिहिलेले नाही. मी म्हणाले, तसे होणार नाही. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. वकील शांतपणे म्हणाले की तसे झाले आणि कागदावर काही नसले तर घर काकासाहेबाकडे जाईल.

मी पेन खाली ठेवले. काकासाहेबाला घर मिळू नये असे मला जितके वाटते तितके आयुष्यात कशाबद्दलही वाटलेले नाही, तरी ते वाक्य माझ्याने लिहवेना. वकील घड्याळ पाहू लागले. कमरुन्निसा आत भाजी निवडत होती, ती हात पुसत बाहेर आली. तिने सगळे ऐकले होते.

"रईसाचं नाव घाला बाई," ती म्हणाली. "मरणार तर मी पण आहे."

"ते मी माझ्या हाताने लिहिणार नाही, कमरुन."

"मग वकीलसाहेब लिहितील. तुम्ही खाली सही करा."

म्हणून पुढचे कलम माझ्या हस्ताक्षरात नाही. त्यातील मजकुराला माझा विरोध आहे आणि संमती आहे.

कलम ११. उक्त श्रीमती कमरुन्निसा शेख शफी यांचे निधन मृत्युपत्र करणारीच्या हयातीत झाल्यास, कलम २ मधील घर व इतर सर्व मिळकत त्यांची भाची रईसा हिला पूर्ण मालकी हक्काने मिळेल.

(वरील कलम मृत्युपत्र करणारीच्या सांगण्यावरून माझ्या हस्ताक्षरात लिहिले व वाचून दाखवले. अॅड. बद्रीनाथ गाडेकर.)

ऐकले. सही माझी आहे.
द्वारकाबाई कडूबा दांडगे

आम्हा दोघांसमक्ष वरील सही झाली व आम्ही तिच्यासमक्ष सह्या केल्या:
१. सरूबाई रामभाऊ तुपे, शाळेच्या सेवानिवृत्त सेविका
२. डॉ. वहाब सिद्दीकी, दाखला देणारे

ठिकाण: औरंगाबाद
तारीख: ९ फेब्रुवारी २०१५