आशीर्वादाविना कांद्याचं सूप

७ नोव्हेंबर, गुरुवार
कृपाचा फोन. पार्थच्या आईला आम्हाला भेटायचंय. कुठं? घरी नाही — पुण्यातल्या फ्रेंच बिस्त्रोत! रात्री दहाला! बाई डॉक्टर, त्यांचा दवाखाना नऊपर्यंत. "बाबा, साधंच हॉटेल आहे, रात्री एकपर्यंत चालू असतं." शेवगावात दहाला कुत्रीसुद्धा झोपतात.
होणारा जावई हिंदू, हे मागच्या उन्हाळ्यातच गिळलं. आता फ्रेंचही गिळायचं.

१० नोव्हेंबर, रविवार
उपासनेहून आल्यावर जेवणाआधीची प्रार्थना योजून ठेवली. मुलीचा बाप म्हणून तिथं आशीर्वाद मीच मागणार. आमच्या घरात त्याशिवाय कुणी घास मोडत नाही. 'हे प्रभो, अंधारात बसलेल्या या मायलेकरांचे डोळे उघड' — इथून सुरुवात. एस्तेरला वाचून दाखवली. तिनं मेथी निवडत ऐकली. "लई लांब झाली," एवढंच! जन्मभर मास्तरकी केली, पण बायकोला भाषेची कदर नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार. एसटीत
शिरूर गेल्यावर एस्तेर हळूच म्हणाली, "कृपा म्हनली, बाबांना सांग, तिथं प्रार्थना नको. लोक बघत्यात."
पुढं लिहवत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार. पुणे, कृपाची खोली
आज उपासना चुकली. डोकं ठणकतंय. कालचं एकदा लिहून टाकतो.
एवढंसं टेबल, गुडघ्याला गुडघा लागतो. दिवे असून मेणबत्ती! पुढ्यात आलं कांद्याचं सूप, वर पाव आणि चीज. कांदा खायला पुण्याला यायचं! मधे पावाची टोपली, पार्थपुढं लाल द्राक्षारस. भाकर आणि द्राक्षारस — प्रभुभोजनाचंच सगळं मांडलेलं, आणि प्रभूचं नाव घ्यायला बंदी!
मी हात मांडीवर ठेवून बसलो. आशीर्वाद नाही तर घास नाही. कुणीच चमचा उचलेना. पार्थची आई माझ्याकडंच बघत राहिली. माझी विरलेली कॉलर न्याहाळत असणार. काय शिष्ट बाई! कृपाचेही डोळे माझ्यावरच. चीज थिजून त्याचं कातडं झालं.
शेवटी बाई म्हणाल्या, "सुरू करायचं का?"
"तुम्ही घ्या. मला भूक नाही."
एस्तेर मान खाली घालून पाव कुरतडत होती.
बाहेर आल्यावर कृपा रडायला लागली. "बाबा, असं का केलंत?" मी केलं! चोराच्या उलट्या बोंबा!

१९ नोव्हेंबर, मंगळवार
कृपाचे फोनवर फोन. उचलले नाहीत.

२४ नोव्हेंबर, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, लग्न कधी? म्हटलं, मला मुलगी नाही. एस्तेर बाकावरून उठेचना.
घरी आल्यावर म्हणाली, "असं बोलू न्हाई हो."
जिला बापाच्या देवाची लाज वाटते, तिच्या लग्नात बापाचं काय काम? मी जाणार नाही. स्पष्ट सांगितलं. एस्तेर भांडी घासत राहिली. घासलेलीच परत घासत होती.
कृपाचा लहानपणीचा आवाज सारखा कानात येतो. ताटावर बसून "बाबा, लवकर आमेन म्हणा ना, भूक लागली!" म्हणायची. फार दुखतंय.

१ डिसेंबर, रविवार
पार्थच्या आईचा फोन आला. "सर, आमचं काही चुकलं का? कृपानं सांगितलं होतं, बाबांनी प्रार्थना केल्याशिवाय आमच्यात कुणी जेवत नाही. म्हणून आम्ही थांबलो होतो. मला ऐकायची होती."
फोन ठेवून एस्तेरकडं बघितलं.
"कृपा काही म्हनली न्हाई," ती म्हणाली. "मीच. तुमी त्या बाईला तोंडावर अंधारात बसलेली म्हननार हुता. पोरीचं लगीन मोडलं असतं. मागनं सांगायचं धाडस झालं न्हाई."
पंधरा दिवस पोरीला बोललेलं ऐकून घेतलं, पण तोंड उघडलं नाही! ओरडणार होतो. ओरडता आलं नाही. 'अंधारात बसलेली' — शब्द माझेच होते.
जेवायला बसलो. डोळे मिटले. आशीर्वादाचा एक शब्द सुचेना. शेवटी एस्तेरनंच मागितला.
"प्रभो, ह्यांना पोरीला फोन लावायची बुद्धी दे. आमेन."