आईचा डावा बाण

मंगळवार, संध्याकाळ. पुंडलिकनगर

अर्धांगवायूनंतर आईचा डावा पाय उशिरा उठतो. म्हणून पडद्यावर बाण दिसेल तसं चटईवर पाऊल टाकायच्या नाचाच्या गेममध्ये हलगीच्या तालावर तिच्यापुरती पावलं मीच बसवली आणि डावे बाण काढून टाकले. आज ती चटईवर खेळली, जिंकली अन् चिडली.

"डावा बाण कुठंय? मला लेकरू समजती का?"

"पडशील, आई."

"पडले तर उठंन."

माझं चुकतंय का? माहीत नाही. पण डावे बाण परत घातले. आईचे ते सगळे चुकले. तेवढ्यात खाली पाण्याचा टँकर आला. आई खुर्ची धरून म्हणाली, "तू जा, मी खेळते."

बादल्या घेऊन वर आले, तर ती घामाघूम. "आता बघ," म्हणत तिनं खुर्ची सोडली. डावा पाय उशिराच उठला, पण उठला. आता एकही बाण काढणार नाही.