उजव्या बाजूचं दार

आई, तू गेल्यावर तुला सांगावं असं पुष्कळ घडलं, पण कागद घेऊन बसले ती आज. मागे आमच्या विमानाचं उजवं इंजिन हवेतच फुटलं. आतला कुठला तरी भाग तुटला होता, असं चौकशीत निघालं. काही प्रवाशांचे पाय मोडले, पण जीव सगळ्यांचे वाचले. तुझी लेक धडधाकट आहे आणि सोमवारी पुन्हा ड्युटीवर जाणार आहे. धाकट्याचं तोंड त्यामुळे उतरलंय. "ताई, बास झालं आता. इथंच नाशकात बघ ना काहीतरी," असं तो उठता-बसता म्हणतो. ही नोकरी लागली तेव्हा तू ओट्याशी भाकरी थापत होतीस. वर न बघताच म्हणालीस, "येवढं विंग्रजी शिकून लोकांना चहाच द्यायचा ना? मी तिकिटं फाडते, तू चहा दे." आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या डेपोला पेढे वाटून आलीस! कंडक्टरबाईची पोर विमानात, हे ड्रायव्हर-क्लीनरपासून सगळ्यांना ऐकवलंस म्हणे.

मला तुझी ती वणीची खेप आठवते. चैत्राची यात्रा आहे, गडावरून तुझी बस भरून खाली निघाली आहे आणि शाळेला सुट्टी म्हणून मी तुझ्या सीटवर बसले आहे. वळणावर ड्रायव्हरकाका ओरडतात, "बाई, ब्रेक लागंना!" लोक उड्या टाकायला दाराकडे धावतात. तू दार ओढून घेतेस आणि त्याला पाठ लावून उभी राहतेस. "कुनी उडी मारायची नाय! खाली बसा, दांडा धरा!" एक जण तुझी कॉलर धरतो. "मार मला, पन दार उघडनार नाय," तू म्हणतेस. काका गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवतात. नंतर बायाबापड्या तुझ्या पाया पडायला लागल्या, तर तू त्यांना म्हणालीस, "तिकिटं जपून ठेवा, पुढच्या गाडीत दाखवावी लागतील." मला तेव्हा हसूच फुटलं होतं.

आम्ही कसेबसे धावपट्टीवर उतरलो तोवर उजव्या अंगाला आग लागली होती. मागचं उजवं दार माझ्याकडे होतं. त्याच्या छोट्या काचेतून पाहिलं तर बाहेर ज्वाळा. ते उघडलं असतं तर धूर आणि आग थेट आत. मी दाराला पाठ लावली आणि ओरडले, "इकडून नाही! पलीकडच्या दाराने! बॅगा सोडा!" एका माणसाने मला खांद्याला धरून गदागदा हलवलं. "दार उघड, मरशील तू आणि आम्हालाही मारशील!" मी त्याच्या डोळ्यांत बघून पुन्हा तेच सांगितलं. तो शिव्या देत पलीकडे वळला, त्याच्यामागे बाकीचे वळले आणि एकेक करत सगळे तिथल्या फुगलेल्या घसरगुंडीवरून खाली गेले. आई, माझा निर्णय बरोबर होता. चौकशीवाल्यांनी म्हणायच्या आधीपासून मला ते ठाऊक होतं, आणि उद्या पुन्हा तसंच झालं तर मी ते दार पुन्हा बंदच ठेवीन.

कंपनीने माझा सत्कार केला, त्यात सगळे म्हणाले, विमान रिकामं होईपर्यंत ही जागची हलली नाही. खरं आहे ते. पण विमान रिकामं झाल्यावरही मी हलले नव्हते. पलीकडच्या दारावर ड्युटीला असलेली मुलगी मला हाका मारत होती, मला ऐकू येत होतं, निघायला हवं हेही कळत होतं, पण पाय उचलेनात. शेवटी तिनेच दंडाला धरून मला ओढत नेलं. ती कुठे बोलली नाही, मीही बोलले नाही. धाकट्याला सांगितलं तर तो मला सोमवारी जाऊ द्यायचा नाही. तुला सांगितलं, कारण तू अडवणार नाहीस. आणि खरं सांगू, एकदा तरी तू अडवावंस असं आज फार वाटतंय.