चार इंची काठाचा तवा

१० जानेवारी, शुक्रवार
ठरलं. २५ तारखेला झल्लाक बीचवरच्या पिकनिकला तौकीरचा माज उतरवायचा. तौकीर म्हणजे मसूदाचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. गेल्या वर्षी माझा टिक्का त्यानं सगळ्यांसमोर किनाऱ्यावरच्या मांजरीला टाकला. ती हुंगून निघून गेली. वर म्हणतो कसा, दुल्हाभाई, तिला अजून दात हवेत. पन्नास माणसं हसली. बायको सगळ्यात मोठ्यानं. तेव्हापासून चिमटा तौकीरकडे आणि बर्फ माझ्याकडे.

१२ जानेवारी
हत्यार सापडलं. बीफ अँड व्हेजिटेबल स्टर फ्राय, उघड्यावर, मोठ्या तव्यावर. यूट्यूबवरचा गोरा चार मिनिटांत करतो. मला तीन पुरतील.

१५ जानेवारी
तुबलीच्या वर्कशॉपमधून तवा करून घेतला. तीन फूट बाय दोन, खाली दोन बर्नर. चारही बाजूंनी चार इंची काठ. फरसबीची एक शेंग जरी वाळूत पडली तरी तौकीर वर्षभर बोलेल. वेल्डर म्हणाला, हा तवा नाही, ट्रे झाला. वेल्डरला काय कळतं.

१९ जानेवारी
गच्चीवर ट्रायल. पाव किलो बीफ, एक सिमला मिरची. फर्स्ट क्लास! निदा म्हणाली, नॉट बॅड, पप्पा. तौकीर खलास.
मसूदाचं म्हणणं, पिकनिकला मूठ-मूठ टाका, नाहीतर पाणी सुटेल. तिला समजावलं, आपली माणसं पाच-पाच जण एका थाळ्यावर बसतात. एक थाळा जेवणार आणि नऊ थाळे बघत बसणार? दहाही एकदम वाढायचे. भाऊ कोणाचा, सल्ला कोणाचा, ते लक्षात आलं.

२४ जानेवारी
सहा किलो बीफ कापलं. तौकीरचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवला, तुकडे फार बारीक झाले. त्याला फोनवर सांगितलं, यंदा चिमटा माझा, बर्फ तुझा. म्हणाला, इंशाल्ला. खवचट.

२५ जानेवारी, दुपारी १२.४०
वारा आहे. तौकीर बर्फ घेऊन हजर. समाधान वाटलं. सहा किलो एकदम टाकलं.

१.१०
पाणी सुटलंय. तात्पुरतं असावं. भाज्याही टाकल्या.

१.३५
सिमला मिरच्या तरंगतायत. तौकीरनं वाकून विचारलं, दुल्हाभाई, गळ आणू? दुर्लक्ष केलं. काठामुळे एक थेंब बाहेर नाही. काम मजबूत आहे.

२.०५
मुलं रडायला लागली. मसूदानं माझ्या हातातला चिमटा काढून भावाला दिला. त्यानं गाडीतून डबा आणला. कांदा-खोबऱ्याचं वाटण, घरचा मसाला. घरूनच घेऊन आला होता! बहीण-भावाचा कट आहे.

२६ जानेवारी
ग्रुपवर फोटो. खाली लिहिलंय, तौकीरभाईंचा रस्सा. खुबूसच्या अरबी रोट्या कमी पडल्या, थाळे पुसून खाल्ले वगैरे. पाणी माझं होतं, हे कोणी लिहिलं नाही. तवा माझ्या गाडीत मावेना, म्हणून तोही त्याच्याच पिकअपमधून गेला. शुक्रवारी परत आणणार आणि चार शब्द सुनावणार. शब्द कागदावर काढून ठेवलेत.

३१ जानेवारी, शुक्रवार
जुम्म्यानंतर तडक नईम भागात, तौकीरच्या घरी. माझ्या तव्यात पाये शिजत होते. म्हणाला, दुल्हाभाई, काठ लावायचं डोकं तुमचंच, आम्हाला सुचलं नसतं. यल्ला, चला, बसा. बसलो. कागद खिशात होता, पण हात रश्श्यानं माखलेला, काढणार कसा? दोनदा वाढून घेतलं.
तवा तिथेच आहे. पुढच्या पिकनिकचा बर्फ माझ्याकडे.